वेगळे बिऱ्हाड

वर्ध्याच्या आमच्या घरी दिवाळीच्या फराळाबरोबर बालगंधर्वांच्या तबकड्या हटकून लागत. ज्या किर्लोस्कर मंडळीने त्यांना नाव दिले ती त्यांनी सोडलीच का, असे मी वडिलांना विचारी.

कारभाराविषयीच्या नाराजीतून १९१३ साली बालगंधर्व, टेंबे व बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. मालकीबरोबर पुढे कर्जही आले. भागीदारही एकेक करून वेगळे झाले. केशवराव भोसल्यांनी तर १९०८ सालीच जुनी मंडळी सोडून ललितकलादर्श काढली होती.

पण १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोन प्रतिस्पर्धी मुंबईत ‘मानापमाना’त एकत्र उभे राहिले. तेव्हा काँग्रेसचे खजिनदार आमच्या वर्ध्याचे जमनालाल बजाज होते! बिऱ्हाड वेगळे झाले म्हणून सणाची पंगत मोडत नाही, हेच वडिलांचे उत्तर असे.