अर्नोकाठचे राजाराम

राजारामपुरीच्या गल्ल्यांत लहानाचा मोठा झालो, पण हे राजाराम कोणते, हे कधी कुणाला विचारलं नाही. आमचा भाग शाहू महाराजांच्या मुलाच्या नावाचा. त्यांच्याही आधी कोल्हापूरच्या गादीवर आणखी एक राजाराम होते. ते मला सापडले फ्लॉरेन्सचा नकाशा मोबाइलवर झूम करताना.

इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले. वय जेमतेम वीस. तिथे दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये त्या जागी स्मारक झालं. इंग्रज शिल्पकार चार्ल्स फुलर याने घडवलेला, रंग दिलेला अर्धपुतळा आणि वर मेजर मँटच्या आराखड्याची छत्री. आपला न्यू पॅलेसही याच मँटच्या आराखड्याचा!

या तरुण राजाने प्रवासात रोजनिशी लिहिली होती. ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. म्हणजे त्यांचे स्वतःचे शब्द उरलेत. तरी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं स्मारक ओळखलं जातं 'इंडियानो', म्हणजे 'भारतीय' या नावाने. जवळच्या पुलालाही तेच नाव.

तिकडे चेहरा आहे, पण त्याला हाक मारायला नाव नाही. इकडे आम्ही 'राजाराम' दिवसातून दहादा म्हणतो, आणि हा चेहरा आम्हाला ओळखू येत नाही. मी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पहिला प्रश्न आला, "हे कोण?"