इंडेक्स फंडाला उशीर का झाला

मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स 1986 च्या जानेवारीत सुरू झाला. त्यातले तीसही शेअर त्याच प्रमाणात सामान्य माणसाच्या पदरात पडतील असा फंड यायला मात्र 1998 उजाडलं. युनिट ट्रस्टचा मास्टर इंडेक्स फंड तो. त्यानंतरही दीडेक दशक हा प्रकार कोपऱ्यातच पडून होता. याचं खापर सहसा गुंतवणूकदाराच्या माथी फुटतं: आपल्या माणसाला ‘टिप’ हवी असते, बाजाराइतक्याच परताव्यावर त्याचं समाधान होत नाही. मला हे कारण वरवरचं वाटतं. फंड उशिरा आला तो बाजाराच्या कागदी कारभारामुळे, आणि आल्यावर रखडला तो विकणाऱ्याच्या हाती त्यातून फारसं काही लागत नव्हतं म्हणून.

तो कागदी कारभार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत दलाल स्ट्रीटवरच्या रिंगणात ओरडून, हातवारे करून सौदे होत. शेअर म्हणजे छापील प्रमाणपत्र. त्याला ट्रान्सफर डीड जोडायचं, मुद्रांक लावायचे, कंपनीकडे पाठवायचं. आणि विकणाऱ्याची सही कंपनीच्या दफ्तरातल्या नमुन्याशी जुळली नाही, की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून सगळं परत. शिवाय शेअर लॉटमध्येच घ्यायचे; उरलेसुरले सुटे म्हणजे ऑड लॉट, ते पडेल भावाने खपवायचे. आता इंडेक्स फंडाचं काम काय? येईल तो पैसा तीस शेअरांत ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, आणि कुणी पैसे काढले की त्याच प्रमाणात विकायचं. आपल्या पसंतीचे चार शेअर गठ्ठ्याने घेणारा व्यवस्थापक हा कागदाचा जाच निभावून नेई; सुट्या खरेदी-विक्रीवरच चालणाऱ्या फंडाला ते परवडणारं नव्हतं. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात संगणकावर सौदे सुरू झाले, 1996 मध्ये डिपॉझिटरी कायदा आला आणि शेअर डिमॅट होऊ लागले. दोनच वर्षांत पहिला इंडेक्स फंड निघाला, हा काही योगायोग नव्हे. 2002 च्या सुरुवातीला तर निफ्टी बीज हा ईटीएफ आला, जो शेअरसारखाच बाजारात घेता-विकता येत होता.

वाट मोकळी झाली, तरी गर्दी झाली नाही. इथे अमेरिकेचा दाखला उपयोगी पडतो. व्यावसायिक जाणकारांना बाजारावर मात करणं जमत नाही, हे आल्फ्रेड काउल्सने 1933 मध्येच आकड्यांनिशी मांडलं होतं. मायकेल जेन्सनने 1968 मध्ये 115 फंड तपासून तेच दाखवलं. म्हणजे पुरावा कमी नव्हता. तरीही जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्डने 1976 मध्ये सामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला, तेव्हा 15 कोटी डॉलरची अपेक्षा असताना जेमतेम 1 कोटी 13 लाख जमले. ‘बोगलचा वेडेपणा’ म्हणून त्याची टर उडवली गेली. तो विकायला दिला होता दलालांकडेच! पुढच्याच वर्षी व्हॅनगार्डने विक्रीचं कमिशनच काढून टाकलं आणि थेट ग्राहकाला फंड द्यायला सुरुवात केली. पण वाढ व्हायला तरीही वर्षं गेली.

आपल्याकडे 2009 पर्यंत इक्विटी योजनेत प्रवेश करतानाच साधारण 2.25 टक्के कापले जात, म्हणजे लाखामागे 2,250 रुपये, आणि ते मुख्यतः वितरकाकडे जात. कमी खर्चात चालण्यातच ज्याचं सार्थक, त्या फंडाला एवढं कमिशन वाटायला पैसा कुठून येणार? वितरकाने तो सुचवला नाही, यात त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याचं पोट त्यावर होतं. सेबीने 1 ऑगस्ट 2009 पासून हा प्रवेशभार बंद केला आणि 1 जानेवारी 2013 पासून मध्यस्थाविना घेता येणाऱ्या डायरेक्ट योजना सक्तीच्या केल्या. ऑगस्ट 2015 पासून भविष्य निर्वाह निधी संघटनेने नव्या ठेवींचा एक हिस्सा निर्देशांकावर चालणाऱ्या ईटीएफमध्ये गुंतवायला घेतला. कोट्यवधी नोकरदार इंडेक्सच्या वाटेला लागले ते असे, कुणीही त्यांच्या दारात विकायला न येता.

यावर आक्षेप येतो की भारतात हुशार व्यवस्थापक निर्देशांकाला सहज मागे टाकत होते, मग इंडेक्स फंड घ्यावा तरी कशाला? त्यात तथ्य आहे. बाजार लहान होता, अभ्यास करणारे थोडे होते. पण तुलनेचं मापही सोयीचं होतं. 2018 च्या फेब्रुवारीपर्यंत फंडाचा परतावा लाभांश धरून मोजला जाई आणि निर्देशांकाचा लाभांश वगळून. लार्ज-कॅप म्हणवणारे फंड मधल्या आकाराच्या कंपन्याही बाळगत. 2017 च्या नियमाने त्यांना किमान 80 टक्के पैसा पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवणं भाग पडलं. हे दोन्ही झाल्यावर मात करणं पूर्वीइतकं सोपं उरलं नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: निर्देशांक डोळे मिटून सगळं घेतो. 7 जानेवारी 2009 ला सत्यमचा घोटाळा उघड झाला तेव्हा ती कंपनी सेन्सेक्समध्येही होती आणि निफ्टीतही. शेअर कोसळल्यावरच तिला वगळलं गेलं, आणि तो फटका इंडेक्स फंडवाल्यांनी सोसला. मात्र सत्यम नामांकित व्यवस्थापकांच्या फंडांतही होतीच, आणि त्यांनी तर निवडीचं शुल्कही घेतलं होतं.

कमिशनचा प्रश्न मिटलेला मात्र नाही. एकाच इंडेक्स फंडाच्या दोन योजना, वितरकामार्फतची ‘रेग्युलर’ आणि थेट घ्यायची ‘डायरेक्ट’, आजही शेजारी शेजारी विकल्या जातात आणि खर्च दोघींचा वेगळा असतो. आपल्या स्टेटमेंटवर ‘रेग्युलर’ लिहिलंय की ‘डायरेक्ट’, तेवढं एकदा पाहून घ्या.