मुळशी सत्याग्रह

मुळशी सत्याग्रह (१९२१–२४): पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात, म्हणजे आजच्या मुळशी तालुक्यातील माले आणि शेजारच्या गावांच्या टापूत, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी (मावळातील शेतकऱ्यांनी) केलेला लढा. धरणाविरुद्धच्या जगातील अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. राष्ट्रवाद, औद्योगिकीकरण आणि साम्राज्यवाद या एकोणिसाव्या शतकातील युरोपीय राजकारणाच्या तीन प्रेरणा नीला आणि मुळा नद्यांच्या खोऱ्यात एकमेकींना भिडल्या, हे या लढ्याचे खरे महत्त्व. केवळ लढ्याचे नेते सेनापती बापट यांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून तो वाचला, तर त्याचा निम्मा अर्थ हातचा जातो.

पार्श्वभूमी: मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीचा पाया घातला. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्या इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना डोईजड होऊ लागल्या. तेथील गिरणीमालकांचे पार्लमेंटमध्ये वजन होते, त्यामुळे १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. गिरण्यांची दुसरी अडचण कोळशाची होती. तो बंगालकडून आणावा लागे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्यापासून वीज करावी, ही जमशेटजी टाटा यांची कल्पना या अडचणीवरचा उपाय होती. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, याच जमशेटजींनी नागपुरात ‘एम्प्रेस मिल’ सुरू केली होती. साम्राज्याच्या छायेत वाढणे आणि त्याच्याशी स्पर्धाही करणे, असे देशी भांडवलाचे ते दुहेरी जिणे होते. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. त्यांच्या कल्पनेप्रमाणे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर आंध्रा नदीच्या खोऱ्याची योजना आली आणि १९१९ मध्ये मुळशीसाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

कायदा: मुळशीच्या शेतकऱ्याची गाठ खरी पडली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याशी. रेल्वे आणि कालव्यांसाठी जमीन घेण्याची रीत इंग्लंडच्या पार्लमेंटने १८४५ च्या कायद्याने घालून दिली होती. हिंदुस्थानात मात्र ती जबाबदार सरकारविना आली. १८९४ च्या कायद्याचा सातवा भाग खाजगी कंपन्यांसाठी जमीन घेण्याची तरतूद करत असे. सहाव्या कलमाखाली सरकारने एकदा जाहीरनामा काढला, की जमीन त्या कामासाठी हवी आहे याचा तोच निर्णायक पुरावा ठरे. कोर्टात वाद घालायचा तो फक्त किमतीचा. बाजारभाव आणि वर पंधरा टक्के एवढे दिले की सरकारचे काम संपले. आंबेमोहोर पिकवणारी खाचरे बांधायला किती पिढ्या खपल्या, याला त्या हिशेबात रकानाच नव्हता. कसणारा कूळ असेल आणि मालक पुण्याचा सावकार, तर भरपाईचा मोठा वाटा सावकाराकडे जाई. अनेक सावकारांना तो सौदा पसंत होता, आणि लढ्याचा एक पाय इथेच लंगडा पडला.

लढा: कंपनीने जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच चाचणीचे चर खणायला सुरुवात केल्याने असंतोष पेटला. रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ रोजी, सुमारे बाराशे मावळे बांधकामावर जाऊन बसले आणि काम बंद पडले. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी लढ्याशी जोडलेली होती. महात्मा गांधींनी आरंभी सहानुभूती दाखवली आणि टाटांना सामोपचाराचे आवाहन केले. काही महिने काम थांबले, मग सरकारी बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. धरपकड झाली, शिक्षा झाल्या. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत.

नेते पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांच्या रूपाने युरोप प्रत्यक्ष मुळशीत आला होता. मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन ते १९०४ मध्ये एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेले, ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्यामुळे ती गमावून बसले, आणि पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या घेऊन परतले. त्यांच्या लंडनच्या वर्तुळातले वि. दा. सावरकर यांचे मॅझिनीचरित्र १९०७ मध्ये पुण्यात छापले गेले. इटलीच्या एकीकरणाचा ध्यास घेतलेला मॅझिनी त्या पिढीचा गुरू होता. यंत्रविद्या शिकलेले बापट यंत्राचे शत्रू नव्हते. शेतकऱ्याला न विचारता त्याची भूमी घेण्याला त्यांचा विरोध होता. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. निःशस्त्र मार्ग खुंटल्यावर १९२४ च्या अखेरीस त्यांनी साथीदारांसह बांधकामाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

मूल्यमापन: मुळशीत राष्ट्रवादच दुभंगला. लँकेशायरशी टक्कर देणारी स्वदेशी वीज हे देशकार्य आहे, असे एका पक्षाला प्रामाणिकपणे वाटत होते. दुसऱ्या पक्षाचा सवाल असा, की मावळ्याला उठवून उभा राहणारा देश कोणाचा? मॅझिनीच्या राष्ट्रात या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण तेथे शत्रू परका होता. मुळशीत कंपनी आपली, कायदा परक्याचा आणि बुडणारी जमीनही आपलीच होती. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्या पक्षाचा सवाल अधिक मूलगामी होता. पुण्याच्या पुढाऱ्यांनी तो पुरता पेलला नाही.

धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. अडवलेले पाणी घाटाखाली कोकणात सोडून भिरा येथील वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. वीज मुंबईला गेली. १८९४ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. त्याची जागा नव्या कायद्याने घेतली ती १ जानेवारी २०१४ रोजी.