बुडालेला संगम

पौष पौर्णिमेला म्हशाला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. काळूकाठचे लोक येतात, तसे शहापूरकडचे भातसेकाठचेही. बैलांचा सौदा झाला, घोंगडी खांद्यावर आली, की जुनी माणसं हमखास नदीवर घसरायची. कुणाचा पूर कुठवर चढला, कुणाच्या डोहाला मे महिन्यातही पाणी राहिलं. या दोन नद्या टिटवाळ्याच्या परिसरात भेटतात, पण आमच्यातल्या फार थोड्यांनी तो संगम पाहिलेला. आजी मात्र ठाम सांगायची, "पानी येका दमात येक व्हत नाय."

म्हातारीचं म्हणणं खरं होतं. दोन प्रवाह भेटले तरी पुष्कळ अंतर शेजारी शेजारी चालतात. एकाला ओढ जास्त, दुसरा संथ. एकात गाळ, दुसरा निवळ. एक गार, दुसरा थोडा कोमट. दोहोंच्या मधे भोवऱ्यांची एक रेघ धरते आणि त्या भोवऱ्यांतूनच पाणी थोडं थोडं इकडून तिकडे जातं. वाटेत वळण आलं, खडक आले, की घुसळण वाढते. पात्र रुंद असेल तर उशीर. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ काळ्या पाण्याची निग्रो आणि गढूळ सोलिमोंइस सुमारे ६ किलोमीटर अशाच जोडीनं वाहतात. आपल्याकडं कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना चक्क समोरासमोर येऊन भिडतात आणि मग पूर्वेला वळतात. तिथली घुसळण वेगळीच.

काळू माळशेजच्या डोंगरातून येते, भातसा थळ घाटाच्या बाजूनं. पुढं काळू कल्याणजवळ उल्हासला मिळते आणि तिथं खाडीची भरती भेटायला येते, म्हणजे गोड्या पाण्यात खारं. नाणेघाट उतरून मुरबाडवरून येणारा जुना व्यापारी माल याच पाण्याला कल्याण बंदरात लागायचा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत, इतकं ते जुनं.

पण शहापूर तालुक्यात याआधीचा एक संगम होता, भातसा आणि चोरणा यांचा. आज तो पाहता येत नाही. त्याच्या खालच्या अंगाला साजिवलीजवळ ८८.५ मीटर उंचीचं भातसा धरण उभं राहिलं आणि दोन्ही नद्यांची पात्रं एकाच जलाशयाखाली गेली. पाणी साठलं त्या काळात, १९८३ च्या पावसाळ्यात, खर्डीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसू लागले. जलाशयाच्या भारानं जमीन हलते याचं उदाहरण म्हणून भूशास्त्रज्ञ आजही भातसेचं नाव घेतात. भिंती तडकल्या ते गावकऱ्यांनी कुठल्या शास्त्रात शोधायचं?

धरणानं खालच्या संगमाचाही हिशोब बदलला. पूर्वी दोन्ही नद्यांचं प्रमाण पाऊस ठरवायचा. आता भातसेचा गाळ बराचसा जलाशयात बसतो आणि पाणी दरवाज्याच्या मर्जीनं सुटतं. मुंबईचं पाणी काही सगळी वाट नळातून जात नाही. धरणातून सोडलं की ते नदीच्या पात्रातूनच पिसे इथल्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथं उचललं जातं आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होऊन पुढं जातं. शहराच्या एकूण पाण्यात भातसेचा वाटा निम्म्याच्या आसपास. उन्हाळ्यात भातसा भरलेली दिसते ती अशी, दुसऱ्याच्या पाण्यानं. काळूला भेटायच्या आधीच तिचं बहुतेक पाणी निघून जातं. ते वैतरणेला भेटतं ते मुंबईच्या व्यवस्थेत, भांडुपला. निसर्गानं या दोघींची गाठ कधीच घातली नव्हती. वैतरणा उत्तरेकडून आपली आपण समुद्राला जाते.

त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात. धरणाच्या भिंतीपासून फार लांब नसलेल्या पाड्यांवरही बायका हंडे घेऊन रांगेत असतात. याला मी तरी न्याय म्हणणार नाही.

आता काळूचा नंबर. मुरबाड तालुक्यात तिच्यावर धरणाचं काम सुरू झालं होतं. वनखात्याची परवानगी नसताना ते चाललंय म्हणून लोक न्यायालयात गेले आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयानं काम थांबवलं. विषय मात्र मिटलेला नाही. जत्रेत काळूकाठचा माणूस भेटला की भातसेकाठचा त्याला बैलाच्या किमतीआधी एकच विचारतो, "तुमची नोटीस आली का?"