पेढा, बर्फी आणि घड्याळाची टिकटिक

परवा सोनोग्राफीला गेलो होतो. म्हणजे खरं तर गेली होती ती. मी आपला फाईल आणि पाण्याची बाटली सांभाळायला. पण शेवटची पाच मिनिटं डॉक्टरीणबाईंनी मलाही आत बोलावलं. पडद्यावर करड्या धुरात काहीतरी हललं आणि मग आवाज आला. घोडा दौडत यावा तसा. "एकशे बावन्न," बाई म्हणाल्या. "छान आहे." मला बोलायला काही सुचेचना.

तिला गेले पंधरा दिवस आतली हालचाल कळते आहे. "बघ, बघ, आत्ता!" म्हणत ती माझा हात पोटावर ठेवते आणि नेमकं तेव्हाच सगळं शांत! आईला जे आपसूक कळतं ते बापाला कुणाच्या तरी मार्फत कळतं. मग याआधीच्या बापांचं काय होत असेल? घरी आल्यावर तेच वाचत बसलो.

१८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून पेशंटच्या छातीला लावली. स्टेथोस्कोपचा जन्म तो. त्याचा मित्र केर्गारादेक याने हेच नळकांडं दिवस भरत आलेल्या एका बाईच्या पोटाला लावलं. त्याला ऐकायची होती गर्भजलाची खळखळ. ऐकू आली टिकटिक! आधी वाटलं, जवळपास कुठेतरी घड्याळ असावं. मग त्याने ठोके मोजले. मिनिटाला १४३ ते १४८, म्हणजे आईच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबर १८२१ मध्ये त्याने हे पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे वाचलं. जिनिव्हाच्या मायर नावाच्या डॉक्टरने त्याआधी, १८१८ मध्येच, पोटाला नुसता कान लावून हे ठोके ऐकले होते.

मला यातला तो नुसता कान फार आवडला. यंत्र नाही, काही नाही. पोटाला कान लावून बसलेला माणूस. हे तर कुठलाही बाप करू शकतो की!

पुढे कानाच्या जोडीला डोळे आले. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या डॉक्टरने कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायला वापरतात ते ध्वनिलहरींचं यंत्र पोटावर वापरून पाहिलं. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा आणि सहकाऱ्यांचा लेख छापून आला. त्यात गर्भाची चित्रंही होती. माझ्या पडद्यावरचा तो करडा धूर तिथून आला.

इथपर्यंत वाचून मी अगदी खूश होतो. बापाला अखेर खिडकी मिळाली म्हणून. पण आपल्याकडे या खिडकीतून बापांनी काय पाहिलं, तेही लिहायला हवं.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलगी असल्याचं कळलं की गर्भपात करणं सर्रास चालू होतं. महिला संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले. १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. तोवर गल्लोगल्ली सोनोग्राफी पोचू लागली होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ च्या जनगणनेत ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. हे आकडे वाचले आणि तो घोड्याच्या टापांचा आवाज पुन्हा कानात घुमला. तोही कुणीतरी ऐकला असेल. ऐकून, पाहून, मग ठरवलं असेल.

आत जायच्या आधी तिने एका फॉर्मवर सही केली होती, मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही अशी. तेव्हा मला ती कटकट वाटली होती. आता वाटतं, एक सही बापाचीही घ्यायला हवी होती.

मग बापाने करायचं काय? बोलायचं. आपल्याकडची ती जुनी गोष्ट आहेच. चक्रव्यूहाची कथा सांगणारा कधी कृष्ण असतो, कधी अर्जुन. सुभद्रेला झोप लागते आणि पोटातला अभिमन्यू हुंकार देत राहतो. खरं सांगायचं तर विज्ञान बापांची एवढी बाजू घेत नाही. डिकॅस्पर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत नवजात बाळांनी आईचा आवाज पसंत केला (१९८०). बापाचा आवाज मात्र त्यांना परक्या पुरुषाच्या आवाजाहून जास्त आवडतो असं काही दिसलं नाही (१९८४). थोडा हिरमुसलो. पण मग वाटलं, हुंकार मिळेल म्हणूनच बोलायचं असतं का?

पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. मावशी, तू हे वाचतेस ते ठाऊक आहे, म्हणून इथेच सांगतो. दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवायचा खेळ जरूर कर. फक्त दोन्ही वाट्यांखाली दोन्ही ठेव.

तोवर मी रोज रात्री कान लावून बसतो. अजून टिकटिक ऐकू आलेली नाही. काल आतून एक लाथ मात्र बसली, थेट कानावर. कुणाची, ते विचारायचं नाही असं ठरलंय.