इस्साचं दव

हायकूतला निसर्ग म्हटलं की आपल्यापुढं तळं, बेडूक, चेरीचा मोहोर असं एक शांत चित्र उभं राहतं. आज ज्या कवीविषयी बोलायचं आहे, त्याच्या घरातली पाच माणसं मात्र १८१६ ते १८२३ या आठ वर्षांत गेली. चार मुलं आणि त्यांची आई.

कोबायाशी इस्सा १७६३ साली जपानच्या डोंगराळ मुलखात, काशिवाबारा गावी जन्मला. हिवाळ्यात बर्फाखाली गाडलं जाणारं गाव. आई लहानपणीच वारली. सावत्र आईशी पटेना, तेव्हा वडिलांनी चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, धाडून दिलं. १८०१ मध्ये वडील गेले आणि वाटणीचा तंटा सुरू झाला; तो मिटायला १८१३ उजाडलं. अर्धं घर पदरात पडलं, पुढच्या वर्षी लग्न झालं. पन्नाशी उलटली होती.

पहिला मुलगा जेमतेम महिनाभर जगला. १८१८ मध्ये सातो नावाची मुलगी झाली. 'ओरागा हारु' म्हणजे 'माझा वसंत' या गद्य-पद्य रोजनिशीवजा पुस्तकात इस्सानं तिच्याविषयी लिहिलं आहे. दुसऱ्या पोराच्या हातातलं भिरभिरं पाहून ती हट्ट धरते. मिळालं की चघळून टाकून देते आणि दाराचा कागद फाडायला लागते. बाप कौतुकानं पाहत राहतो. ही पानं वाचताना पुढं काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ती जड जातात.

१८१९ मध्ये तिला देवी आल्या. फोड सुकले, खपल्या धरल्या. आपल्याकडे देवीची पाठवणी करत, तशीच जपानी रीतीनं पेंढ्याचं आसन करून रोगाच्या देवाची बोळवण झाली. पण पोर खंगत गेली आणि त्या उन्हाळ्यात वारली. मुंबईत देवीची लस १८०२ सालीच टोचली गेली होती. जपानात तिचा प्रसार व्हायला १८४९ नंतरच सुरुवात झाली.

या मृत्यूनंतरचा त्याचा दवाचा हायकू जगभर माहीत आहे. त्यात मूल नाही, ताप नाही, अश्रू नाहीत. आहे ते फक्त दव.

हे कसं साधतं? हायकूच्या सतरा मात्रांत ऋतू सुचवणारा एक शब्द असायचा, त्याला 'किगो' म्हणतात. अशा शब्दांचे कोशच आहेत. दव हा शरद ऋतूचा शब्द; शिवाय क्षणभंगुरतेची खूण म्हणून शेकडो वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. (आमच्या उर्दूतली शबनम रात्रभर बागेत रडते, तीही अशीच झिजलेली.) तो उच्चारला की वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. इस्सा श्रद्धाळू बौद्ध होता. जग दवासारखं आहे ही शिकवण तो सुरुवातीला मान्य करतो. मग शेवटच्या ओळीत त्याचा पाय अडखळतो. नाकारत नाही, पण मानताही येत नाही. माझ्या मते सगळी ताकद त्या अडखळण्यात आहे. प्रतिमा नवी नाही. त्या जुन्या प्रतिमेचं सांत्वन बापाला पुरत नाही, हे नवं आहे.

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हा आम्हीही हौसेनं तीन ओळी लिहू लागलो. माझ्या सुरुवातीच्या हायकूंत दव बाराही महिने पडायचं. ऋतूचा शब्द म्हणजे काय, ते कळायला बराच काळ गेला.

इस्साचे हाल तिथंच संपले नाहीत. पुढचा मुलगा आईच्या पाठीवर बांधलेला असताना गुदमरून गेला. १८२३ मध्ये पत्नी गेली, त्याच वर्षी तान्हा मुलगाही. तरी हा माणूस माश्या, पिसवा, गोगलगाई, पोरक्या चिमण्या यांच्यावर लिहीतच राहिला. त्याचे सुमारे वीस हजार हायकू आहेत. १८२७ च्या आगीत गावासोबत त्याचं घर जळालं. उरलेल्या मातीच्या कोठारात तो राहिला आणि ५ जानेवारी १८२८ रोजी तिथंच वारला. ते कोठार अजून जपून ठेवलं आहे. त्याच्या तिसऱ्या पत्नीला तेव्हा दिवस गेले होते. काही महिन्यांनी मुलगी झाली, याता. ती जगली.