दातावरचा चिनी मातीचा पापुद्रा

सागवानी म्हणून विकले जाणारे कपाट बरेचदा आतून साध्या प्लायवूडचे असते. वर सागाचा एक मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. सुतार त्याला विनियर म्हणतात, आणि दंतवैद्यही हाच शब्द वापरतात. डागाळलेल्या, टवका उडालेल्या किंवा किंचित वेड्यावाकड्या दातांवर ते साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीच्या जातकुळीच्या पदार्थाचा, पापुद्रा बसवतात. शहरातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर या उपचाराची जाहिरात आता सर्रास दिसते.

दातांसाठी पोर्सेलीन वापरायला लागून मात्र अडीचशे वर्षे झाली. मग कायमचा टिकणारा पापुद्रा बसवायला १९८० चे दशक का उजाडावे लागले? पदार्थांच्या पृष्ठभागांवर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना या इतिहासात रस वाटतो तो याच प्रश्नामुळे.

सुरुवात पॅरिसजवळच्या एका औषधविक्रेत्यापासून होते. अलेक्सी द्युशातो हे त्याचे नाव. त्या काळी कवळ्या प्राण्यांच्या हाडांतून किंवा सुळ्यांतून कोरून काढत. त्यांवर डाग पडत आणि काही दिवसांत त्यांना दुर्गंधी येई. औषधे घोटण्याची चकचकीत चिनी मातीची भांडी मात्र कशानेही डागाळत नाहीत, हे द्युशातोच्या रोजच्या पाहण्यात होते. १७७४ साली त्याने पोर्सेलीनच्या कारखान्यात जाऊन तशीच कवळी भाजून घेण्याचा खटाटोप केला. पोर्सेलीन भट्टीत आकसते, त्यामुळे कवळी तोंडात नीट बसेना. पुढे निकोला दुब्वा द शेमाँ या दंतवैद्याने हे काम तडीस नेले आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते इंग्लंडलाही नेले.

हे सगळे दात पडून गेलेल्यांसाठी होते. तोंडात असलेल्या दाताला पोर्सेलीनने मढवण्याचे श्रेय अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या चार्ल्स लँडकडे जाते. (१९२७ साली एकट्याने अटलांटिक महासागर विमानाने ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा या लँडचा नातू.) प्लॅटिनमचा पातळ वर्ख दाताच्या आकारावर दाबून घ्यायचा, त्या वर्खावर पोर्सेलीन भाजायचे आणि मग वर्ख सोलून काढायचा, अशी त्याची युक्ती होती. तिच्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्सेलीनची टोपी तयार झाली. पण ही टोपी चढवायची तर दात चारी बाजूंनी घासून खुंटासारखा करावा लागे. समोरून दिसणाऱ्या एका डागासाठी मागची धडधाकट बाजूही घासून टाकायची!

नुसता पुढून पापुद्रा का चिकटवत नसत? दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. त्याचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. ते गुळगुळीत असते आणि त्यावर लाळेचा ओलावा कायम असतो. तेव्हाची दंतसिमेंटे दात आणि टोपी यांच्यामधली फट भरून काढत, पण खऱ्या अर्थाने चिकटत नसत. टोपी बसे ती खुंटीवर टोपण घट्ट बसावे तशी. पापुद्र्याला असा पकडायला खुंट नसतो.

चिकटत नसलेल्या पापुद्र्याचाही उपयोग होऊ शकतो, हे हॉलिवूडने दाखवले. १९३० च्या दशकात चार्ल्स पिंकस हा दंतवैद्य सिनेनटांसाठी पोर्सेलीनचे पातळ पापुद्रे करी. ते कवळी चिकटवण्याच्या भुकटीने बसवत. चित्रीकरण संपले की नट ते काढून ठेवत, कारण त्यांनी जेवणे शक्यच नव्हते. बालतारका शर्ली टेंपल हिचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा एका प्रसंगात दात आहे आणि पुढच्यात नाही, असे होऊ नये म्हणून पिंकसनेच तिच्यासाठी दात बनवून दिले. रंगभूषेच्या पेटीतच शोभावी अशी ही वस्तू होती.

उत्तर सापडले ते रंगाच्या धंद्यात. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मायकेल ब्युओनोकोर हा दंतसंशोधक काम करत होता. धातूला रंग पक्का धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे त्याला ठाऊक होते. तेच दातावर करून पाहायला काय हरकत आहे? ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल अर्धा मिनिट दाताला लावायचे, धुऊन टाकायचे, दात कोरडा करायचा आणि त्यावर ॲक्रिलिकचा ठिपका ठेवायचा, एवढा साधा तो प्रयोग. आम्ल न लावलेल्या दातांवरचे ठिपके काही तासांत सुटले. आम्ल लावलेल्यांवरचे कित्येक आठवडे टिकले. १९५५ साली त्याने हा निबंध प्रसिद्ध केला.

यात होते काय? संगमरवरी ओट्यावर लिंबाचा रस सांडला की तेवढ्या जागेची चकाकी जाते, हे आपण पाहिले असेल. आम्लात संगमरवर थोडा विरघळतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. इनॅमल बनलेले असते सूक्ष्म दांड्यांचे. आम्लात त्यांचे गाभे आणि कडा सारख्याच वेगाने विरघळत नाहीत. त्यामुळे पृष्ठभागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडतात. त्यांची खोली मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. पातळ रेझीन त्यांत झिरपते आणि तेथेच कडक होते. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरावा म्हणून गवंडी छिन्नीने टाचे मारतो, त्याचीच ही सूक्ष्म आवृत्ती.

ब्युओनोकोरला पापुद्रे चिकटवायचे नव्हतेच. त्याचा हेतू दात भरण्याचे साहित्य पक्के बसवण्याचा होता. पुढे १९६७ साली त्याने आणि क्युएटो या सहकाऱ्याने मुलांच्या दाढांवरच्या खाचा याच पद्धतीने रेझीनने बुजवून कीड टाळता येते, हे दाखवले. यात दात जराही घासावा लागत नाही. चकचकीत हास्याइतकी प्रसिद्धी या उपचाराला कधी मिळाली नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

दरम्यान रेझीनही सुधारत होते. सुरुवातीचे ॲक्रिलिक कडक होताना फार आकसे आणि झिजेही लवकर. १९६२ साली अमेरिकेतल्या रफाएल बोवेनने नव्या रेझीनचे पेटंट घेतले. त्याला बिस-जीएमए म्हणतात. आजची दात भरण्याची बरीचशी पांढरी द्रव्ये त्याच घराण्यातली आहेत.

आता दाताच्या बाजूने पकड मिळाली होती, पोर्सेलीनच्या बाजूने मिळायची होती. १९७५ साली फ्रान्सच्या आलँ रोशेत याने तुटलेल्या पटाशीच्या दातावर पोर्सेलीनचा तुकडा रेझीनने बसवण्याची पद्धत मांडली. १९८३ साली सिमनसन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलीनलाच आम्लाने कोरले. हे आम्ल हायड्रोफ्लोरिक. पोर्सेलीनमधला काचेसारखा भाग त्यात विरघळतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. (हे आम्ल कातडीतून आत शिरून जीवघेणे ठरू शकते. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याला कधीही जागा देऊ नये.) त्यावर सायलेन नावाच्या संयुगाचा हात देतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी आणि दुसरे तेलाशी सलगी करते. तसेच सायलेनचे एक टोक पोर्सेलीनमधल्या सिलिकाशी जोडले जाते आणि दुसरे रेझीनशी. दोन्ही तट बांधून झाले आणि पूल उभा राहिला.

एवढा पातळ पापुद्रा चावताना फुटत कसा नाही? सुटा असताना तो बोटांच्या चिमटीतही मोडतो. पण फरशीचे पाहा. खाली माल नीट भरलेला असेल तर ती वजन पेलते, आणि पोकळी राहिली की तडकते. इनॅमलला सर्वांगाने चिकटलेल्या पापुद्र्यावरचा भार दात वाटून घेतो.

म्हणजे पापुद्र्याचे बळ बऱ्याच अंशी खालच्या इनॅमलचे असते, आणि जाहिरात हेच सांगत नाही. पापुद्रा दाताच्या रांगेत बसावा म्हणून बहुधा इनॅमल थोडे घासावे लागते. पुढच्या दातांवर ते हिरडीजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. त्यापेक्षा खोल घासले की खालचे डेंटिन लागते, आणि त्यावरची पकड तितकी भरवशाची नसते. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, तेव्हा घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. पापुद्रा काही वर्षांनी बदलावा लागला तर दात पुन्हा उघडा ठेवता येत नाही. दात बराच वाकडा असेल तर तो घासून सरळ दाखवण्यापेक्षा तारा लावून सरकवणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

डागांची गोष्ट वेगळी. काही डाग इनॅमलच्या आतच असतात, ते कितीही घासले तरी जात नाहीत. लहानपणी टेट्रासायक्लीन दिलेल्या मुलांचे दात करडे-पिवळे होतात, कारण हे औषध कॅल्शियमला धरून दातातच बसते. दुसरे मोठे कारण फ्लोराइड. १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके याला गावातल्या कित्येकांचे दात तपकिरी दिसले. कारण सापडायला तीस वर्षे लागली. १९३१ साली एका ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत चर्चिल या रसायनतज्ज्ञाला अशा एका गावच्या पाण्यात भरपूर फ्लोराइड आढळले. भारतात अशा दातांची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून झाली. येथे रसायनशास्त्राने एक गंमत करून ठेवली आहे. फ्लोराइडमुळे इनॅमलचा बाहेरचा थर आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे ज्या दातांना पापुद्र्याची गरज जास्त, त्यांच्यावरच ब्युओनोकोरची युक्ती कमी चालते. दंतवैद्याला आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तेथल्या शिक्षकांना तपकिरी दातांची मुले वर्गातच दिसतात. दात घासत नाही म्हणून त्यांना रागावण्यात अर्थ नाही. पुढचे कायमचे दात हिरडीत घडत असतात ते पहिल्या चार-पाच वर्षांत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्यायलेले पाणी सातव्या-आठव्या वर्षी दात उगवल्यावर दिसते. डाग आडव्या रेषांत असतील, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे असतील, आणि एकाच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांत दिसत असतील, तर पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालते. नमुना देताना स्वच्छ प्लास्टिकची बाटली वापरावी. ती त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरावी, आणि कोणत्या पंपाचे पाणी ते बाटलीवर लिहावे.